जोरवालीचा खुराक

पंच्याण्णव साली माझी धाकटी जाऊ बेबीनंदा पोलीस भरतीची तयारी करायला लागली. तोवर आमच्या घरात खुराक फक्त बैलांना असायचा. आता रोज सकाळी सासूबाई खारीक घातलेलं दूध स्टीलच्या पेल्यात ओतायच्या, वर ताटली झाकायच्या आणि म्हणायच्या, "बेबीचा खुराक हाये. कुणी हात लावू नका." कुणी म्हणजे मी. घरात हात लावणारं दुसरं होतं कोण?

याच घरात माझी दोन बाळंतपणं झाली. खारीक सोडा, खारकेची बीसुद्धा दिसली नाही. एकदा मी तसं बोलून दाखवलं.

"खुराक जोर करणाराला असतो, उषे," सासूबाई म्हणाल्या. "भाकरी थापायला काय जोर लागून राह्यला?"

बेबीनंदा घरामागच्या खळ्यावर बैठका काढायची, दोरीच्या उड्या मारायची आणि शाळेतल्या सरांनी दिलेला लोखंडी गोळा फेकायची. तिचे हात दुखू नयेत म्हणून हापशाचं सगळं पाणी माझ्या डोक्यावर आलं. तिचे दंड भरू लागले तसं माझं पोट दुखू लागलं. कुंभार पिंपळगावच्या बाजारात बायका थांबवून विचारायच्या, "तुमची पैलवानीण कशी हाये?" मी हसायचे. आतून इतकी जळायचे की त्यावर भाकर भाजून निघाली असती.

त्या दिवशी मी पाणी घेऊन खळ्यावरून येत होते. बेबीनंदाने राखेची रेघ आखली होती, गोळा तिच्या पलीकडे गेला तरच भरतीत मार्क होते. तो अलीकडेच पडला आणि गडगडत माझ्या पायाशी आला.

"जाऊबाई, तेवढा गोळा द्या की इकडं."

मी हंडा उतरवला आणि गोळा दिला भिरकावून. तो तिला ओलांडून उकिरड्यात जाऊन रुतला.

"असा न्हाई चालत," ती म्हणाली. "फाऊल धरतेत. खांद्यापासून ढकलावा लागतो."

मग मी गोळा उकिरड्यातून काढून आणला आणि तिच्या जागेवर उभी राहून खांद्यापासून ढकलला. गोळा रेघेच्या पलीकडे पडला. तिचं पडलेलं तोंड पाहून मला फार बरं वाटलं.

सासूबाई मागच्या दारातून सगळं बघत होत्या. आता तरी शाबास म्हणतील म्हणून मी पदर सावरून उभी राहिले.

"उषे, एवढा जोर हाये तं मंग उद्यापासून गुरांचं पाणी बी तूच आणत जाय. गड्याचा खर्चा वाचंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताटली काढली आणि दूध उभ्यानेच प्याले. खारीक सावकाश चावून खाल्ली.

"बेबीचा खुराक कुठं गेला?" सासूबाईंनी रिकामा पेला उचलून विचारलं.

"जोर करणाराला गेला, आत्याबाई. तुम्हीच सांगितल्तं."

बेबीनंदा माझ्या ओठांवरची साय बघत राहिली. मी हंडा घेऊन गुरांच्या पाण्याला निघाले. जळू दे तिला थोडं, इतके दिवस मी एकटीच जळत होते.