लाल पट्टीची बाटली

लाल पट्टीची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. तीन आठवड्यांपूर्वी भरून ठेवली होती तशीच. ज्या पेशींना तीन आठवडे मी तिच्यातलं विष पाजतेय असं समजत होते, त्यांना साधं खाणंच जात होतं. त्याआधी काही महिने त्यांना खरंच विष मिळालं होतं; मग फ्रीज साफ करताना ती बाटली मागे सरकली होती आणि तिच्या जागी साधी आली होती. दोन्हींतलं पाणी गुलाबीच. हात सवयीने त्याच जागी जायचा.

मी प्रयोगशाळेतली मदतनीस. माणसाच्या कातडीतल्या पेशी बशीत जिवंत ठेवायच्या, दिवसाआड त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं. पेशींना रविवार कळत नाही. मॅडमचा प्रश्न साधा होता: पिण्याच्या पाण्यात येतं तेवढंसं आर्सेनिक, जुनी माणसं ज्याला सोमल म्हणतात ते, या पेशींच्या आत नेमकं काय करतं.

बाहेर काय करतं ते मी घरी रोज बघत होते. बाबा शिंपी. गल्लीतल्या हातपंपाचं पाणी तीस वर्षं प्यायले आणि तळहातांवर राठ दाणे उठले. मीही त्याच पाण्यावर मोठी झाले, माझे हात मात्र कोरे. दाण्यांत अस्तराचं कापड अडकायला लागलं तेव्हा बाबांनी मशीन झाकून ठेवलं. पंप बंद झाला, घरात फिल्टर आला, त्याला सहा वर्षं झाली. तरी नवे दाणे येतच राहिले.

"ते पाणी गोड होतं," असं बाबा एकदा बोलून गेले होते, आणि मी तेवढंच धरून बसले. कुठल्या तरी जुन्या पंपावर चोरून पितात, दुसरं काय. मी भांडले, शेजारीपाजारी चौकशी केली, शपथा घ्यायला लावल्या. शेवटी बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ग्लास माझ्यापुढे धरू लागले. "हे बघ, फिल्टरचं." मी मान हलवली की मग प्यायचे.

मॅडमना मी चूक सांगितली. नोकरी गेली असं धरूनच चालले होते. त्या वहीतल्या तारखा मोजत म्हणाल्या, "टाकू नका त्या पेशी. आता बघायलाच हवं."

आठवड्याने त्यांनी मला शेजारी खुर्ची दिली, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. पडद्यावर रंगीत चौकोन होते, एकेका जनुकाचा एकेक. "जनुकं तीच आहेत, मावशी. कुठलं चालू ठेवायचं, कुठलं बंद, तेवढं बदललंय. आणि विष थांबवलं तरी ते मागे फिरलेलं नाही."

मला बाबांचा खडू आठवला. कापड तेच, पण खुणा चुकल्या की सदऱ्याचं भलतंच होऊन बसतं. विष प्यायलेल्या पेशी केव्हाच दुभंगून गेल्या होत्या. समोर होत्या त्या त्यांच्या पणत्यांच्या पणत्या. यांना विषाचा थेंबही शिवला नव्हता, तरी खुणा जशाच्या तशा. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. केवढासा तो जीव, ना डोळे ना तोंड, आणि केवढी ही आठवण. कुणी मोठं माणूस खोलीत आल्यासारखी मी खुर्चीवरून उठले.

"म्हणजे चांगलं पाणी पिऊनही नवे दाणे येतात?"

"येऊ शकतात, कित्येक वर्षांनीसुद्धा. डॉक्टरांना ते माहीत आहे. का येतात, ते आपण शोधतोय. पण एका चुकीवर काही ठरत नाही. आता हीच चूक मुद्दाम तीनदा करायची."

डॉक्टरांना माहीत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मला खात्री होती ना.

दुपारीच घरी आले. बाबा झाकलेल्या मशीनशी बसले होते. मी त्यांचे तळहात हातात घेतले. ते खरखरीत होते आणि उबदार होते.

"बाबा, तुम्ही चोरून पीत नव्हता. माझं चुकलं."

बाबा हसले. "सहा वर्षांनी सुटलो म्हणायचं."

मला रडू आवरेना. तहान लागली म्हणत ते उठले. फिल्टरचा नळ वाजला. मग ते दारात येऊन थांबले आणि त्यांनी ग्लास माझ्यापुढे धरला.

"आता कशाला, बाबा."

"अरे हो," ते म्हणाले.

पण मी मान हलवेपर्यंत त्यांनी तो ओठाला लावला नाही.