डब्याची बदली

"या जगात कायम असं काही नसतं, डॉक्टर! राजा असो की शिपाई, प्रत्येकाची बदली ठरलेली!" असं जाहीर करून बदलीबुवा वजनकाट्यावर चढले. ते स्वतः मात्र नोकरीला लागल्यापासून एकाच खुर्चीत बसून होते, आणि हळूहळू खुर्चीचा आकार त्यांना आला होता. काटा थरथरला, विचारात पडला आणि निर्लज्जपणे पुढे गेला.

बदलीबुवा हे कचेरीनं दिलेलं नाव. बदल्यांचे असंख्य हुकूम त्यांच्या हातून सुटले, पण "तुमची बदली झालीय" असं त्यांनी एकालाही तोंडावर सांगितलं नव्हतं. हुकूम फलकावर लावायचा आणि चहाला निघून जायचं, ही त्यांची पद्धत.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल खाली ठेवला. "काका, ट्रान्सफॅट एकदम बंद."

बुवांनी कान टवकारले. "ट्रान्सफर फॅट? म्हणजे पोटावरची काळजावर जाते ती? कोणाच्या सहीनं?"

"ट्रान्स-फॅट, काका! कारखान्यात पातळ तेल घट्ट करतात ना, तेव्हा तयार होते ती. घरी काय वापरता?"

"मार्जरीन! लोण्याच्या जागी, वनस्पती तेलाचं!" बुवांची छाती फुगली. "लोण्याला आमच्या हिनं कधीपासून उंबरठा ओलांडू दिलेला नाही. डब्यावर हृदयाचं चित्रसुद्धा आहे."

"चित्राखाली बारीक अक्षरात 'अंशतः हायड्रोजनीकृत तेल' असं असेल, बघा. लोण्यातली चरबी सॅच्युरेटेड. तीही काही साधीभोळी नाही. वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, म्हणून बेतानंच खायची. पण ट्रान्स-फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतेच, वर चांगलंही घटवते. हिच्या बाबतीत 'थोडी चालेल' हे नाहीच."

"कळलं," बुवा म्हणाले. "पहिला नुसता कामचुकार. दुसरा स्वतः कामचुकार, आणि वर खात्यातल्या एकुलत्या एका कामाच्या माणसाला हुसकून लावणारा."

"तसं समजा," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

घराच्या जिन्यापर्यंत बुवा आपल्या हुशारीवर खूश होते. जिना चढता चढता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ते मधल्याच पायरीवर थांबले. हे सगळं आता हिला कोण सांगणार? गेली कित्येक वर्षं दर आठवड्याला ती त्यांच्या नाजूक हृदयासाठी म्हणून मार्जरीनचा केक करत होती, आणि "आमच्याकडे लोणी चालत नाही हं" असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत होती.

आत ती भांड्यात मार्जरीन आणि साखर घोटत होती. बुवांनी सवयीनं भिंतीकडे पाहिलं. घरात फलक नव्हता. चहाला निघून जावं, तर चहाही तीच करणार होती.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"विशेष काही नाही गं. एक बदली करावी लागेल."

"तुमची? या वयात?"

"माझी नव्हे. त्याची." बुवांनी हनुवटीनं डबा दाखवला.

"कुठे?"

"बाहेर."

घोटणं थांबलं. "माझ्या डब्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

मग बुवांनी नळाकडे बघत एका दमात सगळं सांगून टाकलं. घट्ट केलेलं तेल, बारीक अक्षरं आणि ते दोन कामचुकारसुद्धा. ती ऐकता ऐकता स्टुलावर बसली.

"म्हणजे इतकी वर्षं मीच तुम्हाला... आणि तेही आग्रह करकरून..."

"छे गं! तू हुकमाप्रमाणे वागलीस. तेव्हा वरून, डॉक्टरांचाच हुकूम तसा होता, लोणी हटवा. हुकूम चुकला म्हणून खालच्या माणसाला कोणी..."

"हुकूम गेला खड्ड्यात!" डोळे पुसायला तिनं हात उचलला, तो मार्जरीननं माखलेला. मग कोपरानंच पुसले. "मला लोणी किती आवडायचं, ठाऊक आहे तुम्हाला? लहानपणी बोटानं चाटायचे, आई ओरडेपर्यंत. तुम्हाला बंद झालं म्हणून मीही बंद केलं. तुमच्यासमोर बसून कशी खाणार होते मी?"

बुवांना ठाऊक नव्हतं. कोणाची सासू अंथरुणाला खिळलीय, कोणाला कुठली कचेरी नको, कोणाचं कुठल्या साहेबाशी पटत नाही, हे सगळं तोंडपाठ असलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. त्यांना स्टुलासमोरून कुठेतरी निघून जावंसं फार वाटलं, पण गेले नाहीत. शेवटी घसा खाकरून, निरोपसमारंभात साहेब काढतात तसला आवाज त्यांनी काढला.

"तुझा हा त्याग... मी आजन्म... म्हणजे माझ्या हृदयात आता जी काही जागा शिल्लक असेल, ती आजपासून..."

"अहो," डबा कचऱ्याच्या बादलीत टाकत ती म्हणाली, "भाषण नंतर. दुकान बंद व्हायच्या आत जरा लोणी आणता का? छोटंच आणा. बिनमिठाचं."