वहीत लिहिलेली दिशा

वीस वर्षं मी इलिनॉयच्या मक्याच्या शेतांत वारा मोजते आहे. माझ्या हातून चूक होत नाही, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. वाटून गप्प बसले असते तर ठीक, पण मी ते येता-जाता लोकांना ऐकवायचे.

काम तसं सरळ. पिकाच्या वर जाणारा लोखंडी मनोरा, त्यातून बाहेर काढलेला आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला हवेतली खळबळ मोजणारा सेन्सर. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला दांडा हवा. नाहीतर वारा आधी मनोऱ्यावर आपटतो आणि सेन्सर पिकाऐवजी मनोऱ्याने केलेली खळबळ मोजत बसतो. आमचा दांडा हिवाळ्यात उत्तरेकडे असतो. मे महिन्यात, पेरणी झाली की, तो दक्षिणेकडे फिरवायचा.

वर चढल्यावर हात मोकळे नसतात, म्हणून मी वही आधीच गाडीत बसून भरते. या मे महिन्यातही भरली: ‘दांडा फिरवला, दक्षिण.’ मग चढले, सेन्सर पुसला, वायरी तपासल्या. तेवढ्यात नेपरव्हिलहून आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीसाठी फोन आला, तशी घाईघाईने उतरून निघाले. दांडा राहिला. वहीत लिहिलं होतं, म्हणजे माझ्या लेखी काम झालं होतं.

हा सगळा डेटा पिस्कॅटवेच्या विद्यापीठात नकुलकडे जातो. दांड्याची वहीत लिहिलेली दिशा धरूनच त्याचा कोड वारा कुठून आला ते काढतो. मूळचा नागपूरचा, पीएचडी करतोय. मला मावशी म्हणतो. जूनमध्ये त्याचा फोन आला.

“मावशी, एक छोटंसं विचारू? एअरपोर्टचा डेटा साउथ विंड दाखवतोय आणि आपला नॉर्थ. एकदा टॉवरवर चेक कराल का, प्लीज?”

“वहीत लिहिलंय ना मी? तुझा कोड चेक कर आधी.”

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सोमवारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये प्रकल्पाच्या प्रमुख प्रोफेसर केलर बाईंनी विचारलं, तेव्हा मी आठ जणांसमोर म्हणाले की हल्लीच्या मुलांना स्वतःचा कोड वाचण्याआधी यंत्रं बिघडलेली दिसतात. दोघं-तिघं हसले. “माझीच मिस्टेक असेल,” नकुल म्हणाला. मला बरं वाटलं. हे लिहितानाही माझे कान तापतात.

त्याने दोनदा सगळा कोड नव्याने लिहिला. आकडे तसेच. ऑगस्टमध्ये केलर बाईंनी कळवलं की नकुलला या कामावरून काढायचं का, ते येत्या सोमवारी ठरेल. मी मनात म्हटलं, त्याला झेपत नाही, दुसरं काय!

त्याच गुरुवारी सेन्सरवर गांधीलमाश्यांनी घर केलंय का, ते बघायला मी वर चढले. वारा माझ्या पाठीवर आपटत होता आणि सेन्सर माझ्या समोर होता. होकायंत्र काढायचीही गरज नव्हती. शिडी धरून मी तिथेच उभी राहिले. खाली उतरायची लाज वाटत होती, आणि तिथे बघायला मक्याशिवाय कोणी नव्हतं.

गाडीपाशी येऊन नकुलला फोन केला.

“दांडा उत्तरेकडेच आहे रे.”

“हो, मावशी.”

“हो म्हणजे?”

“टॉवरच्या कॅमेऱ्याचे फोटो रोज येतात ना, त्यात दिसतो. जूनपासून.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही म्हणालात फिरवलाय. सगळ्यांसमोर फोटो लावून तुम्हाला खोटं पाडायचं? कसं जमणार होतं मला?” मग म्हणाला, “सॉरी, मावशी.”

सॉरी तो म्हणाला. मी फोन ठेवला.

सोमवारी मी सगळं सांगितलं. गाडीत भरलेली वही, तालीम, न फिरवलेला दांडा. केलर बाईंनी नकुलला विचारलं, “तुला याची काही कल्पना होती?”

“नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं, माझ्याच कोडमध्ये प्रॉब्लेम आहे.”

त्याला माहीत होतं, मीच त्याला बोलू दिलं नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण मग जूनपासून का लपवलंस, असं त्याला विचारलं असतं आणि आता कुठे टिकलेलं त्याचं काम पुन्हा गेलं असतं. हे कारण खरं आहे. ते मला सोयीचं होतं, हेही खरं आहे. मी गप्प बसले.

नकुल कामावर राहिला. त्याचा हंगाम मात्र वाया गेला, आता पुढच्या मेपासून पुन्हा सुरुवात. शेवटी केलर बाई म्हणाल्या, “विनीता, इतक्या प्रामाणिकपणे सगळं सांगितलंस, थँक यू.” स्क्रीनवर एकेकाच्या चौकटीत टाळ्यांची चिन्हं उमटली. सगळ्यात पहिलं नकुलचं होतं.