सोबतीचं माणूस

आशाताईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तोवर चैतालीने सांगूनही टाकले की तिला लवकर निघायचे आहे. नाशिकच्या त्या आरोग्य संशोधन संस्थेत आशाताई दर गुरुवारी येत. संशोधकांनी कामात किती जीव ओतायचा आणि घरासाठी किती राखायचा, हे त्यांचे त्यांना ठरवायला मदत करायची, हे आशाताईंचे काम. याला कोचिंग म्हणतात हे कळल्यावर संस्थेत बरीच थट्टा झाली होती. आता बाई आपल्याला श्वास घ्यायला शिकवणार, असे लोक म्हणाले. आशाताईंनी तसले काही शिकवले नाही. त्या विचारत आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसत. असे गप्प बसायलाही धमक लागते.

चैतालीला मात्र प्रश्न विचारायची सवय. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका डोळ्यांचे ऑपरेशन का लांबवतात, यावर तिचा अभ्यास चालू होता. त्यासाठी तिने सुरगाण्यापासून देवळ्यापर्यंत गावे पालथी घातली होती, आणि तिच्याइतके मन लावून काम करणारे संस्थेत दुसरे कुणी नव्हते. तिने आशाताईंचीच मुलाखत सुरू केली. त्यांनी निमूट उत्तरे दिली आणि मग हसून विचारले, घरी कोण असते?

घरी म्हणजे निफाडला आई, तानुबाई. दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसायचे. ऑपरेशन दिवाळीत करायचे ठरले होते, तेव्हा सर्वेक्षण निघाले, मग अहवालाचे काम आले. आईच म्हणायची, तुझं काम आटप, मला काय घाई नाय.

"तुमच्या अभ्यासातल्या बायका काय कारण सांगतात?" आशाताईंनी विचारले.

"बहुतेक जणी एकच," चैताली सवयीने बोलून गेली. "दवाखान्यात सोबतीला कुणी नाय."

आणि ती थांबली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.  मग म्हणाली की संस्थेतले साहेब रजा देणार नाहीत.

"मी साहेब आहे असं समजा. मागा रजा."

"सॉरी सर, म्हणजे..."

"पुन्हा."

दर वेळी सुरुवात सॉरीनेच व्हायची. एवढी शिकलेली बाई, पण माफी मागितल्याशिवाय तिला रजा मागता येईना. आशाताई कंटाळल्या नाहीत. शेवटी ती म्हणाली, "सर, आईचं ऑपरेशन आहे. मी आठवडाभर येणार नाही. अहवाल मी परतल्यावर देते."

प्रत्यक्षातले साहेब थोडे कुरकुरले आणि हो म्हणाले. जे मागायची तिला वर्षभर धास्ती होती, ते चहा निवायच्या आत मिळाले.

दवाखान्यात तानुबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. उजव्यात काचबिंदूही होता, आणि त्या डोळ्याची गेलेली नजर आता परत येणार नव्हती. आधी आणले असते तर थोडी वाचली असती, असे डॉक्टर म्हणाले. चैतालीने ते आईपासून लपवले नाही. 

"एक हाय ना," तानुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नर्सने पट्टी काढली. तानुबाईंनी लेकीकडे बराच वेळ टक लावून पाहिले.

"केस कधी पिकले गं तुझे?"

 चैतालीने स्टूल कॉटजवळ ओढले आणि आईला नीट दिसावे म्हणून तोंड खिडकीच्या उजेडाकडे करून बसली.