दोन्ही हात दोराला

चुडामण नाना गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "बायास्नी गाडीमाच बसानं," आणि धोतराचा सोगा सावरत पुलाकडे चालू पडले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. बघायची गरज काय? एरंडोलजवळच्या त्यांच्या गावात त्यांनी एकदा सांगितलं की विषय मिटला. बाया बिचाऱ्या गाव सोडल्यापासून व्हिडिओ कोचच्या सीटवर अंग आंबवत बसल्या होत्या, त्या आणखी तासभर बसल्या तर कोणाचं काय बिघडणार होतं.

कापसाचा हंगाम आटोपला की गावचा कापूस घेणारे केवलचंद शेठ दरसाल आपल्या ठरलेल्या गिऱ्हाइकांसाठी सहलीची गाडी काढायचे. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं साल असेल, त्या वर्षी कोकण ठरलं. गणपतीपुळ्याचं दर्शन झालं, आणि परतीच्या वाटेवर हा कोळ्यांचा जुना दोरपूल. किनाऱ्याच्या कड्यापासून समुद्रात उभ्या असलेल्या एका भल्यामोठ्या खडकापर्यंत टांगलेला. ड्रायव्हर म्हणे पेशवाईतला, क्लीनर म्हणे त्याच्याही आधीचा. पूर्वी कोळी त्या खडकावरून जाळी टाकायचे. आता मासे कमी आणि बघे जास्त. पण दोर दर दोन-तीन वर्षांनी नवे वळून चढवायचे, ते काम काही त्यांनी सोडलं नव्हतं.

पुरुष एकामागून एक पलीकडे गेले. नानाही गेले. खडकावर बूड टेकून त्यांनी पानाची चंची काढली, ते गाडीच्या खिडकीतून भिकुबाईला नीट दिसलं.

भिकुबाई म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची, अभिमनची बायको. नाना तिचे जेठ. आता जेठाचं प्रकरण आमच्या खानदेशात काय असतं ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. जेठ समोर असला की धाकट्या भावाच्या बायकोनं पदर नाकापर्यंत ओढायचा, पायातल्या चपला काढून हातात घ्यायच्या आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. जेठानंही तिच्याकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. फारच अडलं तर तिनं ओसरीच्या खांबाला सांगायचं, नाहीतर मांजराला. जेठ ऐकतो. पंचवीसेक वर्षं भिकुबाई त्या घरात नांदली आणि त्या खांबाशी जितकी बोलली तितकी नवऱ्याशीही बोलली नसेल.

पण काही गोष्टी खांबाला सांगण्यासारख्या नसतात. तिची रंजना बारावी झाली होती आणि धुळ्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. नाही गेली तर जागा दुसरीला. पोरीनं ट्रंकसुद्धा पुसून ठेवली होती. नाना म्हणाले, "आपल्या घरनी पोर पराया गावमा रातपाळी करी? नही." अभिमन म्हणाला, "नाना नही म्हंतस ना, मंग नही." भिकुबाईनं जेठाणीला, म्हणजे अक्काला, गळ घातली. अक्का आत गेली आणि परत येऊन म्हणाली, "नही म्हनेत." संपलं. नाना नाही म्हणाले याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग होता तो दुसराच. पोर माझी, नऊ महिने मी वाहिली, आणि तिच्यासाठी दोन शब्द बोलायला मला तोंडच नाही? हा जाळ घेऊन ती सहलीला आली होती. पुळ्याच्या गणपतीलाही तिनं हात जोडले ते दात आवळूनच.

आणि आता गाडीत बसा म्हणे. तोच आवाज, तशीच फिरवलेली पाठ.

भिकुबाई उठली.

"कथी चालनी वं?" अक्कानं विचारलं.

"पूल देखाले."

"भिकू, तुना जेठ तठेच बठेल शेतस."

"बसू द्या," भिकुबाई म्हणाली आणि उतरली.

उतरली खरी, पण सवय मेली कुठे जाते? पुलाच्या तोंडाशी पोचली, पलीकडे नानांचा पांढरा फेटा दिसला, आणि पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. चपला डाव्या हातात, पदर नाकापर्यंत. आता वारा असा की पदर काही डोक्यावर ठरेना, म्हणून त्याचा काठ तिनं दातांत धरला. राहिला एक हात.

तिथं एक म्हातारा कोळी बसलेला असायचा, लोकांना एकेक करून सोडायला. तो म्हणाला, "काकू, असं नाही चालायचं. दोन्ही हात दोराला हवेत. चपला पायात घाला."

भिकुबाईनं मान हलवली.

"मग इथं ठेवून जा. पण तिकडं खडकावर कालवं आहेत, शिंपल्यांच्या धारा नुसत्या. अनवाणी गेलात तर पाऊल चिरेल."

तिनं दातांतला पदर जरासा सोडला. "तिकडे जेठ बसलेत."

"कोण?"

"जेठ. मोठे दीर."

म्हाताऱ्यानं पलीकडे बघितलं, तिच्या हातातल्या चपलांकडे बघितलं. हसला नाही, हे त्याचं बरं. "आमच्याकडेही असतात ना, बाई," तो म्हणाला. "पण पुलाला कोण थोरलं कोण धाकटं कळत नाही. जायचं तर रीत पुलाची. मधेच थांबायचं नाही, मागं फिरायचं नाही."

चपला कमरेला खोचाव्यात, असंही तिच्या मनात येऊन गेलं. छे, पायातली वस्तू कमरेला? मग गेली तशीच. डाव्या हातात चपला, उजव्या हातात दोर, तोंडात पदर. दोर विहिरीवरच्या मोटेच्या नाड्याएवढा जाड, मुठीत मावेना. दोन फळ्या ओलांडल्या, चार ओलांडल्या, आणि वाऱ्याचा एक झोत असा आला की अख्खा पूल एका बाजूला कलला. चपलावाला हात दोर धरायला गेला आणि घसरला. एक गुडघा फळीवर आपटला. फळ्यांच्या फटीतून खाली पांढरं फेसाळ पाणी दिसलं. मागून म्हातारा ओरडला, "दोन्ही हात, काकू."

ती तशीच गुडघ्यावर राहिली. भीती तर वाटलीच, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या मागून संतापाची अशी तिडीक आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आपण मरायला टेकलो, आणि तरी आपल्या मुठीत काय आहे? चपला. देवानं दोन हात दिले. एक चपलांना लावला, तोंड पदराला, आणि दोन्ही हातांनी धरायची वेळ आली तेव्हा दुसरा हातच शिल्लक नाही. इतकी वर्षं आपण असंच चाललो आणि पडलो नाही, म्हणून आपल्याला वाटलं की हेच चालणं.

तिनं चपला फळीवर ठेवल्या. एक पाय घातला, दुसरा घातला. जेठाच्या डोळ्यांदेखत. मग उभी राहिली आणि दोन्ही हातांनी दोन्ही दोर धरले. पूल हलत होताच, पण आता तिला घेऊन हलत होता. ती चालायला लागली.

खडकावर गलका झाला. नाना उठून उभे राहिले. तिच्याशी थेट बोलणार कसे? त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या अभिमनला सांगितलं, "तिले सांग, मांगे फिर."

अभिमननं तोंडाशी हात धरून हाळी दिली, "नाना म्हंतस, मांगे फिर!"

भिकुबाई पुलाच्या मधोमध होती. उत्तर तर द्यायचं होतं, पण दातांत पदर. पदर धरायचा तर गप्प राहायचं, बोलायचं तर पदर सोडायचा. हात रिकामे नव्हते, आणि दोर ती आता सोडणार नव्हती.

तिनं तोंड उघडलं. "नही," ती म्हणाली.

अभिमनला नाही, सरळ नानांना. आणि पदर गेला. वाऱ्यानं डोक्यावरून उचलला आणि पाठीमागे फडफडत नेला. तिनं मान वळवूनही बघितलं नाही. पांढऱ्या झालेल्या केसांना समुद्राचा वारा लागला. बरं वाटलं तिला. फार बरं वाटलं.

खडकावर पाय ठेवला तेव्हा पुरुषमंडळी बाजूला सरली. नानांनी रीतीप्रमाणे तोंड समुद्राकडे फिरवलं. चपला घातलेली, उघड्या डोक्याची भावजय समोर; माणसानं बघावं तरी कुठे? चपलांखाली कालवांचे शिंपले करकरले, आणि ती नानांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"नाना, मनी रंजना सोमवारे धुळाले जाई," ती म्हणाली. "मी सोता तिले सोडाले जासू."

केवलचंद शेठ समुद्रात काहीतरी फार महत्त्वाचं दिसल्यासारखे तिकडे बघत राहिले.

नानांच्या कानशिलावरची शीर ताठ झाली. "अभिमन," ते म्हणाले, "तिले सांग, आधी पदर ले."

अभिमननं बायकोकडे बघितलं.

"पदर मंग लेसू," भिकुबाई म्हणाली. "आधी पोरनं सांगा. आनि यास्ले नका सांगू, माले सांगा. मी आठेच उभी शे."

नाना जागेवरून हलले नाहीत. हलणार कुठे? तिन्ही बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला भिकुबाई, तिच्या मागे पूल. मग मान वळली. त्यांनी भावजयीचा चेहरा बघितला, ती घरात येऊन इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा. त्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं ते त्यांनाच माहीत.

"तुले जे करनं व्हई ते कर," ते म्हणाले. अभिमनला नाही, तिला.

हा काही होकार नव्हता. रागानं फेकलेला शब्द होता तो. पण भिकुबाईनं तो तसाच झेलून पदरात पाडून घेतला. होकाराची वाट बघत बसली असती तर रंजनाची ट्रंक माळ्यावर गेली असती.

"तेच करसू," ती म्हणाली. मग वाऱ्यावर उडणारा पदर तिनं ओढून खांद्यावरून घेतला आणि कमरेला घट्ट खोचला. डोक्यावर घेतला नाही.

खडकाला एक फेरी मारून, समुद्र डोळे भरून बघून ती परत निघाली. अभिमन दोन पावलं मागून आला, म्हणाला, "सांभाळीसन जा." ती हो म्हणाली. दोन्ही हात दोराला होते.

अलीकडच्या टोकाला अक्का उभी होती. गाडीतून कधी उतरली कोण जाणे. नवऱ्याचा फेटा पलीकडे दिसत होता, आणि चारचौघांत नवऱ्यापुढेही रीत तीच, म्हणून पदर पुढे ओढलेला आणि चपला हातात. म्हातारा कोळी तिला काही समजावत होता आणि ती मान हलवत होती.

भिकुबाई तिच्यापाशी आली. अक्काच्या हातातून तिनं चपला काढून घेतल्या आणि तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"अक्का, पायमा घाला," ती म्हणाली. "फळ्या वल्ल्या शेतस."