पाच नमस्कारांचा सिनेमा

महाडात यज्ञेश्वर सरांच्या नमस्काराला एके काळी मोठा मान होता. हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस बाजारपेठेतून निघाला की भाजीवालीपासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना सारखाच वाकून, दोन्ही हात जोडून नमस्कार करायचा. नमस्कार करावा तर सरांनी, असं लोक म्हणत. पण सुख टोचतं म्हणतात ते खोटं नाही. सरांना संस्कृती वाचवायची हुक्की आली.

निमित्त झालं केबलचं. सत्त्याण्णव साल असेल. दीपेश नावाचा केबलवाला ऐन जेवणाच्या वेळेला कॅसेट लावून सिनेमा दाखवायचा, आणि त्यातली लगट पाहून सरांच्या घशात घास अडकायचा. सरांनी मोर्चा नेला. दीपेश पक्का धंदेवाला. तो म्हणाला, "सर, वाईट काय ते मला कळत नाही. तुम्हीच येऊन बसा नि वाईट आलं की बटण दाबून चित्र झाका." बटण दाबल्यावर पडद्यावर काहीतरी दिसायला हवं, नाहीतर केबल गेली म्हणून लोक फोन करतात. दीपेशकडे सरांच्या निरोपसमारंभाचा फोटो होता, हात जोडलेला. त्याने तो लावला आणि खाली लिहिलं, ‘क्षमस्व’.

सर कामाला चोख. नायिकेने पदर सावरला की बटण. पाऊस लागला की बटण. दोन फुलं वाऱ्याने एकमेकांना लागली तरी बटण, कारण हल्ली फुलांचाही भरवसा उरला नाही असं त्यांचं मत होतं. अर्धा सिनेमा सरच हात जोडून उभे असत. घरोघर रीत पडून गेली. सर दिसले की मोठ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, पोरांना पाणी आणायला पिटाळायचं, आणि जरा वेळाने कुणीतरी विचारायचं, "झालं का?" पडद्यावर फोटोशिवाय काही नसायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मागे काय चाललंय हे कळत असताना चांगल्या घरातली माणसं टक लावून कशी बघणार?

पोरं तर सिनेमे नमस्कारांवर मोजू लागली. दोन नमस्कारांचा म्हणजे देवादिकांचा, पाच नमस्कारांचा म्हणजे बघण्याजोगा. दीपेश तीच कॅसेट फोटोसकट भरून पोलादपूरच्या मेहुण्याला पाठवायचा, त्यामुळे सरांची कीर्ती तिथवर गेली.

आणि एक दिवस सरांनी बाजारात आवडी भाजीवालीला नेहमीसारखा नमस्कार केला. डोंगरावरच्या वाडीतून करटोली विकायला येणारी ही बाई. तिने चटकन पदर तोंडावर ओढला नि शेजारणीला म्हणाली, "सर आलं गो सारिका, पोरीला मागं घे."

सरांना वाटलं, उन्हाने असेल. पण मग एका घरी ते बाराव्याला गेले, हात जोडले, आणि शोकाकुल मंडळी एकजात भिंतीकडे वळली. एक म्हातारा तर हसला. सर दीपेशकडे तडक गेले. "फोटो काढ."

दीपेशने त्या जागी गुलाबाची फुलं लावली. दुसऱ्याच दिवशी महिला मंडळाची तक्रार आली, की हे फारच उघड होतंय. फुलांना अश्लील ठरवलं होतं खुद्द सरांनीच. फोटो परत आला. करायला गेले गणपती नि झाला मारुती.

हे सगळं सरांनी सोसलं असतं. पण त्यांची मुलगी वल्लरी लग्नाची होती. आधीची दोन स्थळं दारातूनच परतली. सरांनी स्वागताला हात जोडले आणि एका मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडे लहान मुलं आहेत हो." वल्लरी रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मंडळी आत आली तरी दहा जण मलाच न्याहाळणार. मला मान वर करता येणार नाही. नकार देणाऱ्याचं तोंड तरी मला एकदा बघू दे." सरांना ते फार लागलं. आपल्या तत्त्वांपायी पोरीचं नुकसान झालं, हे त्यांना रात्रंदिवस छळत होतं.

तिसरं स्थळ पोलादपूरचं. निषाद नावाचा मुलगा, औद्योगिक वसाहतीत केमिस्ट. मंडळी यायच्या आधी सरांच्या बायकोने, सुनीतीबाईंनी, त्यांना बजावलं, "आज हात जोडायचे नाहीत."

"मुलीचा बाप आहे मी. मग करू काय?"

"मागे बांधा."

सरांनी हात मागे बांधून पाहुण्यांचं स्वागत केलं. पोहे आले, वल्लरी आली, मान खाली घालून बसली. माणसं तिला न्याहाळू लागली, आणि निषाद बिचारा स्वतःच्या बशीकडे बघत राहिला. तेवढ्यात त्याची आजी प्रयागबाई फणकारली. "मघापासून बघताय मी. मुलीच्या बापाचा हात मागचा पुढं येत नाय. पोरीवाल्यांना इतका माज हाय? ऊठ रे निषाद."

मंडळी उठली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सुनीतीबाई डोळ्यांनी नको नको म्हणत होत्या. पण मोडणारच आहे तर निदान रीतीने मोडू दे, असं म्हणून सरांनी हात पुढे आणले आणि वाकून नमस्कार केला.

प्रयागबाईंनी पदर ओढला नि गर्रकन भिंतीकडे वळल्या. मुलाचे आईवडील वळले. काका वळले. सुनीतीबाईसुद्धा, सवयीने, कॅलेंडरकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खोलीत एकही डोळा वल्लरीवर उरला नाही.

तिने मान वर केली. निषादने बशी खाली ठेवली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. वल्लरीने त्याला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश पाहिलं, अगदी मुलगी बघतात तसं, आणि तो लाजून हसला.

सरांनी हे पाहिलं. हात खाली घेतले की सगळे वळणार, हे त्यांना उमगलं. त्यांनी हात तसेच धरून ठेवले. खांदे भरून आले, कंबर दुखू लागली, तरी सोडले नाहीत. मग कधी नव्हे ते त्यांनी स्वतःचेही डोळे मिटून घेतले.

"झालं का?" भिंतीकडून प्रयागबाईंनी विचारलं.

"मला नाही ठाऊक," सर म्हणाले. "मी बघत नाहीये."