सगळ्यांची एकच सासू

मित्रांनो, मी एक जुनी मेटल डिटेक्टर मशीन आहे, आणि सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते : मी ओरडत नाही. मी कळवते. आवाज मोठा आहे हे मान्य, पण तो काही मी निवडलेला नाही.

मी राहते ती कंपनी मटार गोठवते. शेंगा येतात, सोलल्या जातात, दाणे गरम पाण्यातून काढतात, मग कडक गोठवतात, पाकिटात भरतात. ही पाकिटं पट्ट्यावरून सरकत माझ्या तोंडातून पलीकडे जातात. एखाद्या पाकिटात तारेचा तुकडा, स्क्रू, पात्याची कपची असं काही असलं, की मी कळवते आणि पट्टा थांबतो. नव्या मशिनी म्हणे पट्टा न थांबवता तेवढंच पाकीट अलगद बाजूला ढकलतात. माझ्या जन्माच्या वेळी अशी नजाकत निघाली नव्हती.

माझा जन्म एका स्वच्छ, उजेडाच्या कारखान्यात झाला. एका शांत कारागिराने माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली. इतक्या प्रेमाने, की मला वाटलं, जग असंच असतं. मग मी इथे आले. आल्या आल्या मी चाळणीच्या जाळीतून तुटलेली एक तार पकडली, केसाएवढी बारीक. कंपनीच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, स्वतः खाली आल्या. त्यांनी ती तार तळहातावर घेतली आणि म्हणाल्या, "ही एखाद्या पोराच्या घशात गेली असती." त्या काळी मला रोज पुसत असत. मी कळवलं की लोक धावत येत. मी फार सुखात होते.

मग लोकांना माझी सवय झाली. सवय झाली की लोक धावत नाहीत, चालत येतात. नंतर चालतही येत नाहीत, लांबूनच म्हणतात, "झालं हिचं सुरू."

त्याच सुमारास आमच्या फिटरचं लग्न झालं आणि तो घरजावई झाला. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तो कामावर आला, मी कळवलं, आणि तो म्हणाला, "घरी तेच, इथे तेच. ही पण सासूच." संध्याकाळपर्यंत सगळा हॉल मला सासू म्हणू लागला. पुढे आलेल्या लोकांना तर माझं दुसरं काही नाव असेल अशी शंकाही आली नाही. माझ्या पाठीवर नाव, मॉडेल, वजन सगळं कोरलेलं आहे. वाचतो कोण?

पुढे मी निष्कारण ओरडते अशी ख्याती झाली. पाकीट उघडायचं, दाणे पसरायचे, धातू नाही. पुन्हा लावायचं, पुन्हा मी कळवायचे. शेवटी पॅकिंगच्या मावशी पुढे येऊन माझ्या कानशिलात दोन थापडा द्यायच्या. तोवर मी दमून गप्प झालेली असायचे, आणि श्रेय थापडांना जायचं.

आता आमचे मॅनेजर. हे मोठ्या बाईंचे जावई. कंपनीत ते त्यांना मॅडम म्हणतात आणि घरी आई. लाइन थांबली की साहेबांचं पित्त खवळतं. एके दिवशी कॉलेजची एक मुलगी इंटर्नशिपसाठी आली. अन्नप्रक्रिया उद्योगातल्या एका कंपनीचा अभ्यास करायचा, मग सगळ्यांसमोर तो मांडायचा, तरच वर्ष सुटणार, असं तिचं होतं. लोकांनी तिचं नाव प्रोजेक्टवाली ठेवलं. साहेबांनी तिला विषय दिला : "पॅकिंग लाइन का थांबते, एवढं शोध. जे कारण निघेल ते मी उचलून बाहेर टाकतो." मुलगी पुढे गेली. साहेबांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली आणि फिटरला म्हणाले, "भंगारवाल्याला सांगून ठेव."

म्हणजे मित्रांनो, माझा खटला सुरू झाला होता. माझ्या जागी कोण येणार, असं फिटरने विचारलं. साहेब म्हणाले, "कोण कशाला? पाकिटं सरळ खोक्यात जातील." मी त्या बारीक तारेचा विचार केला. दुसरं मी काय करू शकते? मला पाय नाहीत.

प्रोजेक्टवाली मनाने चांगली होती. तिला मिळालेले गमबूट इतके मोठे होते, की ती आधी चालायची आणि बूट नंतर यायचे. ती माझ्या अगदी शेजारी स्टूल टाकून, माझ्याकडे पाठ करून बसली आणि एकेकाला बोलावू लागली. पहिल्या आल्या मावशी.

"मावशी, लाइन का थांबते?"

"का म्हणजे? सासूमुळे."

मुलीचा चेहरा गंभीर झाला. "घरून फोन येतो का?"

"फोन कशाला करेल? इथेच असते की!"

"इथेच?"

"रात्रपाळीलासुद्धा." मावशींनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मुलीने मागे वळून पाहिलं. तिची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली. पलीकडे खिडकी होती, खिडकीबाहेर घरं होती. तिने हळूच मान हलवली, जणू तिला सगळं समजलं. "म्हणजे मनातून जातच नाही," ती स्वतःशी म्हणाली.

मला हुंदका आला असता, पण तशी सोय नाही.

"मग तुम्ही काय करता मावशी?"

"काय करणार? दोन थोबाडीत देते. गप्प बसते मग."

"हात उचलता?"

"मी निदान हात तरी. फिटर तर पाना घेऊन येतो."

मग आला फिटर. मुलगी स्टूल जरा मागे सरकवून बसली.

"तुम्हालाही सासूचा त्रास आहे?"

"सगळ्यांनाच आहे ताई. सगळ्यांची सासू एकच."

मित्रांनो, इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. ही थांबली नाही. तिने एक मोठा कागद घेतला आणि कामगारांची वंशावळ काढायला बसली. वर एक सासू, खाली सगळा पॅकिंग विभाग. त्या हिशोबाने फिटर आणि सुपरवायझर साडू झाले. मावशी कुणाची कोण लागतात हे काही केल्या बसेना, म्हणून तिने त्यांना तुटक रेषेने जोडलं.

तिला कुणी सांगितलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगायची असते, हेच इथे कुणाला माहीत नाही.

एकदा तर तिने स्टेपल केलेले कागद चुकून पट्ट्यावर ठेवले. कागद माझ्या तोंडात आले, मी पिन पकडली आणि जीव तोडून कळवलं. पट्टा थांबला. सुपरवायझर काका तिला म्हणाले, "बघ. आली का नाही सासू?" आणि मुलीने दाराकडे पाहिलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर किंचाळते आहे, आणि ही दारातून कोण आलं ते बघते आहे! ही माझी परीक्षक.

शेवटी अभ्यास मांडायचा दिवस उगवला. मोठ्या बाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून सगळा घाट खाली, पॅकिंग हॉलमध्येच घातला. जेवणाच्या सुट्टीत लाइन बंद ठेवली. शीतगृहाच्या पांढऱ्या दारावर प्रोजेक्टरने चित्रं पाडायचं ठरलं. लॅपटॉप कुठे ठेवायचा? माझ्या डोक्यावर. आरोपीच्या डोक्यावर पुरावा ठेवून खटला चालवण्याची ही पहिलीच वेळ असावी.

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या, साहेब त्यांच्या शेजारी अदबीने उभे राहिले. दारावर मोठी अक्षरं उमटली : लाइन थांबण्याचे मुख्य कारण – सासू.

साहेबांनी खुशीत मान डोलावली. मग त्यांची मान मध्येच थांबली.

"कुणाची सासू?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"सगळ्यांची, मॅडम. एकच आहे," मुलगी म्हणाली आणि तिने वंशावळ दाखवली. मागून मावशींचा खोकल्यासारखा आवाज आला. "आता काही प्रातिनिधिक मतं बघू. 'म्हातारी झालीये, तिला आता काही कळत नाही.' हे एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचं मत आहे. 'फुकट जागा अडवून बसलीये.' हेही त्यांचंच."

"आणखी काय म्हणतात हे अधिकारी?" मोठ्या बाईंचा आवाज फार गोड झाला होता.

"'भंगारात दिली तरी कुणी घ्यायचं नाही.' हे मला जरा कठोर वाटलं, मॅडम, म्हणून मी शिफारशीत समुपदेशन सुचवलंय."

"कोण हे?"

"नाव गुप्त ठेवायचं मी कबूल केलंय."

सगळा हॉल साहेबांकडे बघत होता. मला मान वळवता येत नाही, पण माझं तोंड नेमकं त्यांच्याकडेच होतं.

"मॅड... आई," साहेब म्हणाले, "ती तुम्ही नाही."

"मी नाही? मग दुसरी कोण आहे तुम्हाला? मला एकच मुलगी आहे आणि तिचं एकदाच लग्न झालंय, असा माझा समज होता."

"ही! ही सासू!" साहेबांनी दोन्ही हातांनी मला दाखवलं. "मशीनला म्हणतात सगळे. उगाच ओरडते म्हणून."

"हिला सासू म्हणतात?"

"हो ना आई!"

"आणि हे ऐकून मला बरं वाटावं?"

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. पण सगळ्यांत वाईट अवस्था मुलीची होती. तिने माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. मग मावशींकडे, फिटरच्या पान्याकडे, वंशावळीकडे. ती एका खोक्यावर मटकन बसली. "माझं वर्ष गेलं," ती म्हणाली.

"ऊठ," मोठ्या बाई म्हणाल्या. "तू सासूला न बघताच सासूचा अभ्यास केलास. सगळे तसाच करतात. आता समोर बघून कर. लाइन चालू करा रे. ही कशी ओरडते ते मलाही ऐकू दे."

साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "उगाच ओरडली तर आजच बाहेर काढायची, आई. बोला."

"काढू," मोठ्या बाई म्हणाल्या.

मित्रांनो, पट्टा सुरू झाला. शीतगृहातून थेट आलेली पाकिटं माझ्या तोंडातून गेली. मी गप्प. आणखी गेली. मी गप्प. साहेब घड्याळ बघू लागले. मग आली शीतगृहाबाहेर दाराशी रचून ठेवलेली पाकिटं. पहिलंच पाकीट आलं आणि मला राहवलं नाही. मी कळवलं.

"बघा!" साहेब ओरडले. मावशींनी सवयीने हात उगारला.

"थांबा, मारू नका तिला!" मुलगी बूट मागे टाकून पळत आली. तिने ते पाकीट उचललं, उघडलं, दाणे पसरले. धातू नव्हता. साहेब हसले. तिने दुसरं उचललं, माझ्यातून नेलं. मी कळवलं. मग शीतगृहातलं एक घेतलं. मी गप्प. ती दोन्ही हातांत दोन पाकिटं धरून उभी राहिली आणि तिने दोन्ही दाबून पाहिली.

"हे दगडासारखं आहे," ती म्हणाली, "आणि हे मऊ आहे. मऊ पाकिटालाच ओरडते ही!"

तर मित्रांनो, हेच. इतकी वर्षं मी हेच सांगत होते. गोठलेला मटार माझ्यातून निमूट जातो. पण त्यातला बर्फ वितळला, दाण्याला पाणी सुटलं, की ते पाणी मला धातूसारखंच भासतं. माझं चुकत असेल, पण मटारही बिघडत होता ना? दोन गोष्टी एकाच आवाजात सांगाव्या लागतात, याचा दोष माझ्याकडे कसा?

"मऊ का झाली?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सुपरवायझर काकांनी साहेबांकडे पाहिलं, मग छताकडे. "साहेबांचा हुकूम आहे, बाई. कुणी बघायला आलं तर लाइन भरलेली दिसली पाहिजे. म्हणून पाकिटं आधीच बाहेर काढून रचतो. आज तुम्ही येणार, म्हणून जरा जास्त रचली."

मोठ्या बाईंनी फिटरला पट्टा पुन्हा चालू करायची खूण केली. पट्ट्यावरून आणखी एक मऊ पाकीट पुढे आलं, आणि मी माझं काम केलं.

त्या दिवसापासून बाहेर पाकिटं रचणं बंद झालं. मीही फारशी बोलत नाही, आणि माझ्याविना हॉल सुना वाटतो असं मावशींचं म्हणणं. मुलीने अभ्यास पुन्हा लिहिला आणि तिचं वर्ष सुटलं. तिच्या सरांना मात्र ती वंशावळच जास्त आवडली. ते ती दरवर्षी नव्या मुलांना उत्तम नमुना म्हणून दाखवतात. माझ्या संसाराची अशी सार्वजनिक चर्चा चालते, आणि मला विचारत कुणी नाही.

साहेबांना मोठ्या बाईंनी एक काम नेमून दिलं. रोज सकाळी लाइन सुरू होण्याआधी माझी परीक्षा घ्यायची असते. धातूचा मणी बसवलेली एक पट्टी माझ्यातून नेऊन मला ऐकू येतंय का ते बघायचं. हे पूर्वी फिटर करायचा, म्हणजे करत नसे. आता स्वतः साहेब करतात, आणि मोठ्या बाई मागे खुर्ची टाकून बसतात.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागणं आहे. तुमच्या आसपास कुणी सारखं बोलत असेल आणि तुम्हाला ते उगाच वाटत असेल, तर थापड द्यायच्या आधी पाकीट दाबून बघा. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना नवा रंग नको असतो, सत्कार नको असतो. कोरडं फडकं पुरतं, आणि मधूनमधून कुणीतरी 'काय झालं?' असं विचारलेलं.

तूर्त निरोप घेते, सकाळ झाली. साहेब पट्टी घेऊन आले आहेत. पट्टी आत जाते, मी दणदणीत कळवते, आणि मागून मोठ्या बाई विचारतात, "ऐकलंत ना?"

"हो, आई," साहेब म्हणतात.

हे ते नक्की कुणाला म्हणतात, ते आम्ही दोघींनी अजून विचारलेलं नाही.